पहिला मजला, लाल

कचऱ्याच्या गाडीचा हॉर्न वाजला रे वाजला, की सूनबाईचे सासरे पलंगावर भिंतीकडे वळायचे आणि चादर कानापर्यंत ओढून घ्यायचे. गाडी जणू त्यांनाच न्यायला आली आहे.

पालिकेने नवे नियम काढल्यापासून गल्लीतल्या सगळ्यांच्याच नाकी नऊ आले होते. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, बल्ब-बॅटऱ्या वेगळ्या आणि डायपर-पॅड वगैरे कागदात गुंडाळून, वर लाल फुली मारून आणखी वेगळे. पिशव्या पारदर्शक हव्यात, म्हणजे लपवाछपवी नको. नियम चांगलाच होता, त्याला उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. सगळं एकत्र कोंबून शहराबाहेर डोंगर रचण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण ती पारदर्शक पिशवी ज्या कोण्या साहेबाच्या डोक्यातून निघाली, त्याच्या घरात म्हातारं माणूस नसावं, असं सूनबाईला राहून राहून वाटायचं.

त्यात भर म्हणजे गाडीवरचा भोंगा. माणूस कामाला चोख, पण आवाज असा की मेलेलाही उठून बसावा. एकेक पिशवी हातात घेऊन तो उजेडात धरायचा आणि गाडीच्या मागे उभ्या असलेल्या जोडीदाराला ओरडून सांगायचा, "दुसरा मजला, ओला! तळमजला, सुका! पहिला मजला, लाल!" जोडीदार त्या-त्या कप्प्याचं झाकण उघडायचा. यात कोणाचा पाणउतारा करायचा भोंग्याच्या मनातही नसे. पण सकाळच्या वेळी खिडक्या उघड्या असतात आणि खिडक्यांना कान असतात.

भोंगा हे नाव त्याला शाळेत पडलं होतं आणि ते ठेवलं होतं खुद्द सूनबाईच्या सासऱ्यांनी. ते शाळेत ड्रिलचे मास्तर होते. अर्ध्या गावाला त्यांनी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. बायको गेली, गुडघे गेले, तरी गल्लीत त्यांना कोणी नुसतं काका म्हणत नसे, सर म्हणत. घरातही सूनबाई त्यांना सरच म्हणायची. लग्नानंतर पहिल्याच दिवशी ‘बाबा’ म्हणून पाहिलं, तर त्यांनी अशा काही नजरेने पाहिलं की पुन्हा तिची हिंमत झाली नाही.

आणि आता सरांना डायपर लागत होतं.

सुरुवातीला सूनबाईने नियमाप्रमाणे पुडकं बांधलं, लाल फुली मारली आणि पारदर्शक पिशवीत घालून दाराशी ठेवलं. सरांनी ते पाहिलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"हे त्या भोंग्याच्या हातात जाणार?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांचंच जातं, सर."

"तो गेटात उभा राहून ओरडणार. पहिला मजला, लाल. पुडकं डायपरचं हे दिसतंच, आणि आपल्या मजल्यावर तान्हं मूल कोणाकडे आहे? कोणाकडेच नाही. म्हणजे कोणाचं ते शेंबड्या पोरालाही कळेल. हे या दारातून तसं बाहेर गेलं ना, तर मी पाणी पिणं सोडीन. प्यायलोच नाही तर लागणारही नाही."

ही धमकी नव्हती. त्यांनी खरंच सोडलं. चहा अर्धा ठेवायचे, पाण्याचा तांब्या सकाळी भरलेला तसाच संध्याकाळी मिळायचा. ओठ फुटले, ताप भरला, डॉक्टर सूनबाईलाच रागावले की घरात पाणी नाही का. नवरा फिरतीच्या नोकरीवर, फोनवर म्हणाला, "तू बघ ना गं काहीतरी." एवढं सांगून त्याचं कर्तव्य संपलं. सूनबाईने मग सरांसमोर कबूल केलं की ते पुडकं गाडीत जाणार नाही, कुठे जायचं ते ती बघेल. तेव्हा कुठे ते घोटभर पाणी प्यायले. त्या दिवसापासून तिने जवळ जाऊन तांब्या हलवून पाहायची सवय लावून घेतली. किती उरलंय, यावरून तिला त्यांचा दिवस कळायचा.

तिने बघितलं ते असं. ती बाजारातल्या शिवणकामाच्या दुकानात मशीनवर बसायची. तिथे कापडाच्या चिंध्यांचं एक भलंमोठं पोतं असे. दुकानांसाठी नियम आणखी कडक होते. चिंध्यांच्या पोत्यात चिंध्याच हव्यात. ती पोती थेट कारखान्यात जायची, तिथे पिंजून गाद्यांत भरायचा माल व्हायचा. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी दुकान उघडून सूनबाई घरचं पुडकं पोत्याच्या पार तळाशी सारायची आणि वरून चिंध्या दाबायची. दिवसभर मशीन चालवताना मात्र तिची नजर त्या पोत्यावरून हलायची नाही. पाठ दुखायची, डोळे दुखायचे, आणि सगळ्यात जास्त दुखायचं ते हे चोरून जगणं. चोरी तरी कसली, तर म्हाताऱ्या माणसाच्या मुताची. कधीकधी तिला स्वतःचंच हसू यायचं.

व्हायचं ते झालंच. एका दुपारी कारखान्याचा माणूस दुकानाच्या दारात पोतं आपटून गेला. आत डायपर निघाले होते, म्हणाला. या रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांचा माल त्यापायी टाकून द्यावा लागला. पुन्हा असं झालं तर या दुकानाचा कचरा उचलणं बंद आणि पालिकेत तक्रार. डायपर त्याने दाखवायला काही आणले नव्हते, त्यामुळे ते केवढे होते हे कोणाला कळलंच नाही.

दुकानाची मालकीणबाई तोंडाने फटकळ, मनाने वाईट नव्हे, पण घाबरलेलं माणूस आधी हाताशी लागेल त्याला धरतं. हाताशी लागली काजवाली. ती कोपऱ्यात बसून काजं करायची, बटणं लावायची. दुकानातल्या माणसांपैकी तान्हं मूल होतं ते तिच्याच घरी.

"अगं, घरचा कचरा इथे आणून टाकतेस? माझ्या दुकानाला टाळं लावायचंय का?"

काजवाली आधी नुसती बघत राहिली. मग तिला कशाबद्दल चाललंय ते कळलं आणि ती उठून उभी राहिली. मांडीवरची बटणं खळखळ खाली सांडली.

"बाई, माझ्या लेकराच्या नशिबात कुठलं आलंय डायपर! ह्याच पोत्यातल्या मऊ चिंध्या मागून नेते मी तुमच्याकडून. त्यांची लंगोटं शिवते. तुम्हीच देता की."

"मग कोणी टाकले? मी? कटिंग मास्तरांनी?"

टेबलापाशी उभ्या असलेल्या कटिंग मास्तरांनी कात्रीसकट दोन्ही हात वर केले. "आमची पोरं कॉलेजात आहेत हो."

"तूच म्हणायचीस की! दुसऱ्या कोणाच्या घरी बाळ आहे? उद्यापासून येऊ नकोस."

काजवाली खाली बसली आणि सांडलेली बटणं गोळा करायला लागली. रडली नाही, भांडली नाही. आळ अंगवळणी पडलेल्या माणसासारखी एकेक बटण उचलून डबीत टाकत राहिली. ते पाहवेना म्हणून सूनबाईने मशीनचं चाक हाताने थांबवलं. तिला सरांचे फुटलेले ओठ दिसत होते. आपण बोललो, तर तो तांब्या आज संध्याकाळी भरलेलाच राहणार, हेही दिसत होतं. गप्प राहावं, काजवालीला दुसरीकडे काम मिळेल, असं मनाने सांगूनही पाहिलं. पण ती बटणांची डबी भरत चालली होती.

"ते माझ्या घरचं आहे," सूनबाई म्हणाली. "तिला काही बोलू नका."

"तुझ्या घरी कुठे गं बाळ?"

"बाळाचं नाही. सासऱ्यांचं."

दुकानात एकाच वेळी सगळी मशीन्स थांबली. कटिंग मास्तरांनी वर केलेले हात हळूच खाली घेतले. "आपल्या सरांचं?" ते म्हणाले. त्यांनीही त्या मैदानाला फेऱ्या मारल्या होत्या.

मालकीणबाईचा आवाज एकदम खाली आला. "अगं मग सांगायचं नाही का! आम्ही काय परके आहोत? जाऊ दे. इथून बाहेर जाणार नाही हो ही गोष्ट." आणि ती ज्या घाईने हे म्हणाली, त्यावरूनच सूनबाईला कळलं की दिवेलागणीपर्यंत गोष्ट गल्लीच्या तोंडाशी पोहोचलेली असेल. काजवालीने मात्र तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचं काम वाचलं होतं, पण मघाशी सगळ्यांदेखत जे ऐकावं लागलं होतं ते काही पुसलं जाणार नव्हतं.

घरी जाताना सूनबाईने वाटेत थांबून उगाच भाजी पाहिली, नको असलेल्या दोऱ्याची चौकशी केली. शेवटी घर आलंच. सर खिडकीशी खुर्चीत बसले होते. तिने चप्पलही नीट काढली नाही, सगळं एका दमात सांगून टाकलं. पोतं, कारखान्याचा माणूस, काजवाली, आणि तिच्या तोंडून काय निघून गेलं ते. हातचं काही राखलं नाही. सांगताना तिला रागही आला होता, सरांचा, नवऱ्याचा, पालिकेचा, स्वतःचा. हा राग कोणावर काढायचा हे ठरवायलासुद्धा अंगात त्राण नव्हतं.

"मी दमलेय, सर," ती शेवटी म्हणाली. "मला आता नाही होत हे."

सरांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. जेवण तसंच राहिलं. तिने तांब्या हलवून पाहिला, जड होता. ताटं आवरताना मात्र त्यांचा आवाज आला.

"त्या काजवालीला सगळ्यांसमोर बोलले?"

"हो."

"आणि तिच्या पोराला चिंध्यांची लंगोटं."

"हो."

"वर्गात कोणी खोडी काढली आणि दुसऱ्याच पोराला मार बसायला लागला, की मी काय म्हणायचो, ठाऊक आहे?"

तिला ठाऊक होतं. गावात कोणाला ठाऊक नव्हतं? ज्याने केलं असेल त्याने एक पाऊल पुढे या. नवरा अजूनही घरात काही फुटलं की त्यांची नक्कल करून हे म्हणायचा. ती ताटं उचलून आत गेली.

सकाळी हॉर्न वाजला तेव्हा ती ओल्या-सुक्याच्या पिशव्या बांधत होती. मागे वॉकरचा खडखडाट झाला. सर उभे होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. वॉकरच्या दांडीला पारदर्शक पिशवी अडकवली होती, आत पुडकं, पुडक्यावर लाल फुली. फुली त्यांनीच मारली असणार. इतकी सरळ ती तिला कधी जमली नव्हती.

"सर, मी नेते ना."

"तू सुका घे," सर म्हणाले.

जिना उतरायला त्यांना किती वेळ लागला म्हणता! एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने तिचा खांदा, वॉकर तिच्या दुसऱ्या हातात. गेटाशी माणसं उभी होती, ती बाजूला झाली. कोणी सरांकडे पाहत होतं, कोणी मुद्दाम पाहत नव्हतं, आणि ते न पाहणंच जास्त दिसत होतं. भोंग्याने सरांना पाहिलं आणि हातातली पिशवी तशीच धरून तो ताठ उभा राहिला. सरांनी आपली पिशवी पुढे केली. भोंग्याने ती घेतली. पण उजेडात धरली नाही, ओरडलाही नाही. खाली मान घालून तो गुपचूप गाडीच्या मागे जायला निघाला.

"थांब," सर म्हणाले. "बाकीच्यांचं ओरडतोस ना?"

"जाऊ दे ना, सर."

सरांनी वॉकर एक पाऊल पुढे टाकला. छाती भरून घेतली. आणि मैदानाच्या टोकापर्यंत जायचा त्या आवाजात ते ओरडले,

"पहिला मजला! लाल!"

मागच्या जोडीदाराने दचकून झाकण उघडलं. सर तसेच पुढे गेले आणि कप्प्यात डोकावले. सूनबाईही त्यांना धरायला म्हणून मागोमाग गेली, तेव्हा तिलाही दिसलं. कप्पा जवळजवळ भरला होता. लहान पुडकी होतीच, पण मोठीही कितीतरी होती, अगदी त्यांच्या पुडक्याएवढी.

"एवढी?" सर म्हणाले.

"या एका गल्लीची आहेत, सर," भोंगा हळू आवाजात म्हणाला. त्याला हळू बोलता येतं हे सूनबाईला तेव्हाच कळलं. "लोक आडून आडून देतात. कोणाकोणाची ते नाही सांगणार."

"सांगू नकोस," सर म्हणाले.

वर यायला उतरण्याहून जास्त वेळ लागला. सर पलंगावर बसले, धापा टाकत. शर्ट पाठीला चिकटला होता. सूनबाई दुकानाची पिशवी उचलायला वळली. आज तिच्यात पुडकं नव्हतं, नुसता डबा आणि कात्री. तिला एकदम रडायला येईल असं वाटलं, पण मशीनवर वेळेत बसायचं होतं आणि काजवालीशी काय बोलायचं तेही ठरवायचं होतं.

"सूनबाई. पाणी."

तिने पेला भरून दिला. त्यांनी एका दमात संपवला आणि परत पुढे केला. तिने पुन्हा भरला. तोही संपला. आता दुपारी घरी येऊन आणखी एकदा बदलावं लागणार, मालकीणबाईकडे सुट्टी मागावी लागणार, हे तिच्या मनात येऊन गेलं. सरांनी तिसऱ्यांदा पेला पुढे केला. तिने तांब्या उचलला. तो हलका झाला होता. उरलेलं सगळं तिने पेल्यात ओतलं आणि तांब्या भरायला आत गेली.