कारभारी सायकल बघतो

सायकल घ्यायची तर ती चालवता यायला पाहिजे, एवढी साधी गोष्ट. पण कारभारीचं घोडं नेमकं तिथंच अडलं होतं. वय बावन्न, वजन शहाण्णव, आणि सायकल काही येत नव्हती. अख्ख्या चिकलठाण्यात हे कुणाला ठाऊक नव्हतं. बायकोला, आशाबाईला, तर मुळीच नाही, आणि तिला ते कळू नये म्हणून गडी एकतीस वर्षं हे गुपित जिवापाड जपत होता. लग्नात सासऱ्यानं सायकल दिली होती ना! नव्या जावयानं ती सासुरवाडीला, अख्ख्या करमाडभर हातानं ढकलत मिरवली, कुणी विचारलं की चेन पडलीय म्हणून सांगितलं आणि महिनाभरात चुलतभाऊ सांडूला देऊन टाकली. दारावरनं बस जाते, सायकल कशाला, म्हणाला. येत नाही म्हणायला जीभ रेटली नाही.

आता डॉक्टरनं सांगितलं, साखर काठावर आलीय, चालून गुडघे दुखतात तर सायकल चालवा. सांगितलं तेही आशाबाईसमोर. ती म्हणाली, रविवारी घेऊ, मी येते.

कारभारी वाळूजच्या एका कंपनीत तपासणीला होता. दिवसभर स्टुलावर बसायचं, पार्ट मोजायचे, खोट काढायची. तिथं विषय काढला तर ज्यानं त्यानं अक्कल पाजळली. एक म्हणाला, गिअरचीच घ्या, चढाला दम लागत नाही. दुसरा म्हणाला, गिअर बिघडतात, साधी बरी. तिसऱ्यानं जाड टायरची सांगितली, तुमचं वजन तीच पेलंल म्हणाला. चौथा म्हणाला, जाड टायर ओढता ओढताच जीव जाईल. कारभारीच्या डोक्याचं पार दही झालं.

रविवारी दोघं शफीकभाईच्या दुकानात गेले. कारभारीनं खिशातनं कंपनीतलं व्हर्नियर काढलं, पार्टाची जाडी मोजायची पट्टी. सायकलच्या दुकानात व्हर्नियर कोण नेतं? यानं नेलं. आरे मोजले, नळ्या मोजल्या, हिची रिम फिरताना डुलते, तिचं वेल्डिंग खरबरीत, असं करत सहा सायकली नापास केल्या. आशाबाई बाकड्यावर बसून बघत होती आणि तिचं तोंड उतरत चाललं होतं. याला वाटलं, ऊन लागलं असंल.

शफीकभाई जुना माणूस. त्यानं एकदा कारभारीच्या पोटाकडं पाहिलं, एकदा गुडघ्यांकडं, आणि कोपऱ्यातनं एक ठेंगणी सायकल काढली. मधला दांडा नाही, गिअर नाही. पाय वर फेकावा लागत नाही, म्हणाला, दोन्ही तळवे जमिनीला टेकतात, हँडल उंच म्हणून पोट दाबलं जात नाही. हिच्या भावात गिअरची घ्याल तर दोन महिन्यांत खडखडायला लागंल. नव्या माणसाला हीच बरी.

नव्या माणसाला! कारभारी दचकला. तोंडावर लिहिलंय की काय? आणि सायकल तर लेडीज. त्यानं घाईघाईनं भिंतीजवळच्या उंच, गिअरच्या सायकलीकडं बोट केलं. ही द्या.

"बैठके तो देखो, काका," शफीकभाई म्हणाला.

तिथंच घाम फुटला. बसायचं म्हणजे पाय टाकायचा, आणि पाय टाकला की भर बाजारात बायकोसमोर आडवं व्हायचं. कारभारी परत वाकला आणि चेन बघू लागला. चेनीत खोट आहे, म्हणाला.

आशाबाई उठली.

"लग्नातली आमच्या आबांची सायकल पण अशीच नापसंत केली तुम्ही," ती हळू म्हणाली. "जुनी होती ती. आबांनी रंग मारून दिली होती. तुम्ही बघताच ओळखली आन् सांडूभावजींना देऊन टाकली. आबा मरेस्तोवर मला इचारायचे, पाव्हण्यांना कळलं का गं. मी म्हणायचे, नाय कळलं, रोज तिच्यावरच जातात."

कारभारीला काही सुधरेना. जुनी? केसाएवढी खोट ज्याच्या नजरेतनं सुटत नाही, त्याला हे कळलंच नव्हतं. आपण आपली लाज झाकत बसलो, आणि तो बिचारा म्हातारा स्वतःची लाज घेऊन गेला.

"अगं, मला सायकल येत नाय," तो म्हणाला. "तवाबी येत नव्हती. मी तिच्यावर बसलोच नाय कधी."

शफीकभाई उगाच पंप आवरायला आत गेला. आता ही हसणार, असं कारभारीला वाटलं. ती हसली नाही.

"आबांना तरी सांगायचं होतं," ती म्हणाली.

कारभारीनं व्हर्नियर खिशात घातलं. ठेंगणी सायकल दुकानाबाहेर काढली आणि येणारे-जाणारे बघत असताना तिच्यावर बसला. दोन्ही तळवे जमिनीला टेकले. आशाबाईनं पदर खोचला आणि मागून कॅरिअर घट्ट धरलं. ती रडत होती, त्यामुळं सायकल थोडी हलत होती.