ठिपके

ठिपके काढून टाकले ते तिनेच. कुणी तिचा हात धरला नव्हता.

खोल खोदलेल्या खड्ड्याच्या चार बाजूंना मातीला धरून ठेवणाऱ्या काँक्रीटच्या भिंती, त्या भिंतींत बसवलेली सहा मापकं, आणि भिंत आज किती मिलिमीटर झुकली याचे रोजचे आकडे. त्या आकड्यांचे आलेख काढणं हे तिचं काम. अकरा वर्षं तेच करत होती. ऑफिसात सगळे तिला रेघाताई म्हणत, आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचं. कुठली रेघ जाड, कुठली तुटक, कुणाला गोल ठिपका, कुणाला चौकोन, कुणाला त्रिकोण, यात तिचा जीव रमायचा. कागद काळापांढरा छापला तरी सहाच्या सहा रेघा वेगळ्या ओळखू यायला हव्यात, हा तिचा हट्ट.

त्याच खड्ड्याच्या तळाशी तिचा धाकटा भाऊ पंपांवर फिटर होता. पाणी साचलं की पंप, पंप अडला की हा. ही नोकरी त्याला तिनेच लावून दिली होती.

गुरुवारी सकाळी साहेबांनी कागद हातात घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अहो, हे काय? आलेखाला नुसता गोवर उठलाय! काढा हे ठिपके. रेघा तेवढ्या ठेवा, स्वच्छ. दहाला मीटिंग आहे."

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच ते दिसायला बरं वाटत नव्हतं. तिने सहाही रेघा निवडल्या, ठिपक्यांच्या यादीतून 'काही नाही' वर क्लिक केलं. दोन सेकंदांचं काम. सहा रेघा कशा छान, गुळगुळीत! तिला स्वतःलाच बरं वाटलं. मेलं ते बरं वाटणं.

कारण चार नंबरच्या मापकाची वायर खोदाईच्या यंत्राने तोडली होती. बारा दिवस आकडाच नव्हता. तक्त्यातले ते रकाने तिनेच रिकामे सोडले होते, स्वतःच्या हाताने. बुधवारी वायर जोडली आणि एक आकडा आला, आधीपेक्षा चार मिलिमीटर जास्त. आणि सॉफ्टवेअरला तिनेच मागच्या वर्षी, दुसऱ्या कुठल्याशा कामावर, सांगून ठेवलं होतं की रिकामी जागा आली तर रेघ तोडू नकोस, पुढच्या आकड्याला नेऊन जोड. ती सवय तिच्या आलेखाच्या साच्यात तशीच राहिली होती. ठिपके होते तोवर निदान कळत तरी होतं, की मध्ये इतक्या लांबवर एकही ठिपका नाही, इथे कुणी काही मोजलेलंच नाही. ठिपके गेले आणि बारा दिवसांचं अज्ञान एका शांत, हलक्या चढाच्या रेघेत बुजून गेलं.

एका दिवसात दोन मिलिमीटरच्या वर हललं तर सगळ्यांना वर काढायचं, असा नियम होता. मीटिंगमध्ये साहेबांनी रेघेवरून बोट फिरवलं. "दिवसाला मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. काळजी नाही. उतरू द्या माणसं."

ती कोपऱ्यात बसली होती. बोलायचं तिच्या मनातही आलं नाही. तिच्या डोळ्यांनीसुद्धा ती रेघ खरी मानली होती!

अकरा वाजता भावाचा फोन आला. "ताई, तुझी भिंत काय म्हणते?"

"शहाण्यासारखी उभी आहे. जा, कामाला लाग. डबा खाल्लास का?"

"तू ना, आईच्या वरताण आहेस," म्हणाला, हसला, आणि फोन ठेवला.

साडेतीनला चार नंबरच्या मापकाची भिंत आत आली. वर असलेले वाचले. खाली तिघे होते.

शनिवारी दुपारी भावाला बाहेर काढलं. सोमवारी चौकशीचे अधिकारी ऑफिसात आले आणि म्हणाले, हाच आलेख ठिपक्यांसकट हवा. साहेब खाली मान घालून बसले होते. तिने रेघा निवडल्या, ठिपके चालू केले. एक, दोन, पाच रेघा भरगच्च. चौथ्या रेघेवर ठिपके आले आणि मध्येच थांबले, आणि मग पार त्या टोकाला एकटा एक चौकोन. लहान पोरालाही कळलं असतं, की ते चार मिलिमीटर एका रात्रीतही हलले असतील. तिने माउस सोडला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

संध्याकाळी घरी आली. आई भावाच्या खोलीत त्याच्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती, घातलेल्याच परत मोडून घालत होती. रेघाताई शेजारी टेकली.

"त्या दिवशी सकाळी त्याला बरं वाटत नव्हतं गं," आई म्हणाली. "म्हणाला, भिंतीतून माती झरतेय, खाली जावंसं वाटत नाही. मीच म्हटलं, मग जाऊ नकोस. तर म्हणाला, थांब, आधी ताईला विचारतो. ती जा म्हणाली तरच उतरतो."

आईने सदरा मांडीवर ठेवला आणि तिच्याकडे वळून पाहिलं.

"त्यानं विचारलं होतं का गं तुला?"

"हो," ती म्हणाली.

"मग तू काय म्हणालीस?"