विषयाला धरून

प्रभावतीने नुकत्याच गोळा केलेल्या निबंधाच्या वह्या न तपासताच मुलांना परत दिल्या आणि बोर्डावर लिहिलं, 'आपला निबंध आपणच तपासा. मार्क द्या. कापले तर का, ते सांगा.'

मुलं चकित झाली. हल्ली या पद्धतीला मोठमोठी नावं आहेत. मूल स्वतःच्या लिखाणाकडे तटस्थपणे बघायला शिकतं वगैरे. खरी गोष्ट अशी होती की आठवडाभर शाळेतल्या वह्या तपासून प्रभावतीच्या डोळ्यांची वाट लागली होती. त्यात शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, सगळं मस्कत झोपलेलं असताना, अल् घुब्रातल्या मराठी मंडळाच्या या फ्लॅटमध्ये मराठीचा वर्ग. 'माझी आई' सोडून दुसरा विषय सुचण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

बंटीने आधी हात वर केला.

"टेन आउट ऑफ टेन, टीचर!"

"एकही चूक नाही?"

"मिस्टेक्स आहेत. पण मम्मी चांगली आहे ना."

तूबाने मात्र एक मार्क कापला होता. "घरी मी अम्मी बोलते. इथे आई लिहिलं. मग ती दुसरीच कोणतरी वाटते."

"छान पकडलंस," प्रभावती म्हणाली. जांभई तिने कशीबशी गिळली. "पूर्वा, तुझे किती?"

पूर्वा तिचीच मुलगी, सहावीतली. कुणी लाडाची विद्यार्थिनी म्हणू नये म्हणून वर्गात आईने तिला 'टीचर' म्हणायला लावलं होतं. पहिल्या दिवसापासून पूर्वा एकदाही चुकली नव्हती. प्रभावतीला त्याचं कौतुकच होतं.

"चार."

"इतके कमी? वाच बघू."

पूर्वा उभी राहिली. "ती सगळ्यांशी छान बोलते. कोणाला येत नसेल तर परत परत समजावते. ती कधी ओरडत नाही. ती सगळ्यांचं ऐकून घेते. मग ती घरी येते आणि खलास."

वर्गात खसखस पिकली.

"खलास म्हणजे मेली ना, टीचर?" तूबाने विचारलं.

प्रभावतीही हसली. "मराठीत तसाच अर्थ होतो. इथल्या अरबीसारखा 'बस्स, संपलं' असा नाही. 'दमते' लिहायचं, पूर्वा. पण त्याचा फार तर एक मार्क जाईल. बाकीचे पाच कशाला कापलेस?"

"आउट ऑफ टॉपिक झालं."

"कुठे? सगळं विषयाला धरून तर आहे."

"नाही टीचर. टॉपिक आई होता. मी तुमच्यावर लिहिलं."

एखादी वेलांटी चुकली म्हणून सांगावं, तसं तिने सांगितलं. बंटीला हसावं की नाही ते कळेना.

प्रभावतीला कालची संध्याकाळ आठवली. ती दार उघडून आत येते न येते तोच पूर्वा वही घेऊन समोर उभी. "आई, तुला काय आवडतं?" आणि आपण पर्स सोफ्यावर टाकत म्हणालो होतो, "आज खलास हं पूर्वा, काही विचारू नकोस." पोरीने दुसऱ्यांदा विचारलं नाही. आपण बरं झालं म्हणून आडव्या झालो. आता भर वर्गात प्रभावतीला रडू येऊ लागलं.

"आईवर लिहायला घेतलंच नाहीस?" तिने हळूच विचारलं.

"घेतलं होतं. दोन लाइन झाल्या. पुढे मला काही माहीतच नव्हतं."

प्रभावती तिच्या बाकाजवळ गेली. दहा करावेत, निदान आठ तरी, असं फार वाटलं. भाषा सुरेख होती, चुका जवळजवळ नव्हत्याच.

"चार जास्त झाले का, टीचर?"

"नाही गं," प्रभावती म्हणाली. "मार्क बरोबर दिलेस."

तिने खाली सही केली. मागून तूबा बंटीच्या कानाशी पुटपुटली, "बघ, स्वतःच्या मुलीला पण सोडत नाहीत."