बुधवारी तुळस कुणाला आली?

‘‘विनुता, तुझ्या मामंजींच्या फोनवर फुलं येतात का, बघ गे. आमचा रघोजी कालपासून धड जेवला नाही. विचारलं तर म्हणतो, सांगायचं नाही.’’

गुरुवारी ओरत्तनाडूहून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या बहिणीनं, फोनवर हे सांगितलं. रघोजी त्यांचा मुलगा, शाळेत शिक्षक. मी तेव्हा माझ्या लेकीला, हरिणीला, औषध पाजत होते. ‘‘फुलंच ना, आत्याबाई? येऊ देत की!’’ म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या आठवड्यात अख्ख्या तंजावूरला एकच वेड लागलं होतं. वेण्णार फायनान्स नावाची कर्जं देणारी कंपनी अडचणीत आली होती. दिलेलं कर्ज परत येईना, आणि चारशे रुपयांचा शेअर दोन आठवड्यांत अडतीसवर कोसळला. शहाण्यानं चार हात लांब राहावं असा शेअर! पण ताडपत्रांवरून लोकांचं भविष्य, म्हणजे नाडी, सांगणाऱ्या मणी स्वामींनी या शेअरचीही नाडी काढली. ‘‘कंपनीची नोंदणी झाली तो तिचा जन्म. जन्म आहे, मग रास नाही का? वेण्णारला साडेसाती होती. आता ती कोणत्या दिवशी उठेल, कोणत्या दिवशी पडेल, मला दिसतं!’’

रोज पावणेनऊला भक्तांच्या फोनवर एक चित्र यायचं, त्याला सगळे फूल म्हणत. जास्वंद आली तर शेअर वर जाणार: सकाळी घ्या, दुपारी विका. तुळस आली तर खाली येणार: जवळ नसला तरी सकाळी आधी विका, दुपारी स्वस्तात घेऊन भरून द्या. सगळं त्याच दिवशी, बाजार बंद व्हायच्या आत.

अट एकच. आपलं फूल कुणाला सांगायचं नाही. आमच्या तंजावूरच्या मराठी घरांत गुरूनं कानात दिलेला मंत्र नवरा बायकोलासुद्धा सांगत नाही. स्वामींना हे पुरतं ठाऊक होतं. फूल चुकलं तर? ‘‘तुमचं सोवळं चुकलं,’’ एवढंच उत्तर. दुसऱ्या दिवसापासून फूल बंद.

शुक्रवारी दुपारी मामंजी लहान मुलासारखे स्वयंपाकघरात आले. ‘‘पाच दिवस, पाच फुलं, पाचही खरी! योगायोग म्हणशील? एकदा होईल. दोनदा होईल. पाचदा कसा गे होईल?’’

खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही वाटलं की असेल काही.

शनिवारी मामंजींच्या पिशवीत चेक सापडला. हरिणी तीन वर्षांची आहे, तिच्या हृदयात भोक आहे, जूनमध्ये ऑपरेशन. त्यासाठीची ठेव मामंजींच्या नावावर होती. ती मोडून चेक स्वामींच्या ट्रस्टच्या नावानं लिहिला होता.

‘‘सोमवारी स्वामी सगळ्यांचे पैसे एकत्र करून ट्रेड करणार,’’ ते म्हणाले. ‘‘महिन्यात तिप्पट. उद्या स्वामींची सभा आहे, तिथे मंडपात चेक द्यायचा. पोरीसाठीच करतोय की मी!’’

होसूरला नोकरीला असलेले माझे यजमान फोनवर म्हणाले, ‘‘अप्पांना दुखवू नकोस. त्यांनी सगळा विचार केला असेल.’’

आत्याबाईंचं बोलणं आठवलं. रघोजीला फोन लावला.

‘‘वहिनी, सांगायचं नाही असं आहे.’’

‘‘मंत्र आहे का तो, भावजी? शेअर आहे!’’

तो हळूच म्हणाला, ‘‘बुधवारी तुळस आली. मी विकलं. शेअर बारा टक्के वर गेला, महागात घेऊन भरावा लागला. सगळं गेलं, वहिनी. सोमवार-मंगळवार खरे आले होते, म्हणून बुधवारी कर्ज काढून, वर ब्रोकरच्या उधारीवर कितीतरी पट लावलं. त्या दिवशी न आंघोळ करता फोन हातात घेतला होता, तेच नडलं.’’

बुधवारी मामंजींना जास्वंद आली होती. त्यांच्या फोनवर मी स्वतः पाहिली होती, लालभडक.

एकच सकाळ, एकच शेअर, आणि फुलं दोन! औषधाच्या चिठ्ठीमागे मी आकडे मांडले. मामंजींना घरी सांगून ‘रघोजीचं सोवळं चुकलं’ एवढंच उत्तर मिळालं असतं, म्हणून चिठ्ठी घेऊन मंडपात जायचं ठरवलं.

रविवारी पापनाशमच्या कल्याण मंडपात, म्हणजे लग्नाच्या कार्यालयात, दोनशे माणसं होती. पुढच्या खुर्च्यांवर पाचही फुलं खरी ठरलेले, गळ्यात हार घालून. मागे सतरंजीवर चुकलेले, दोषनिवारणाच्या होमासाठी बोलावलेले. त्याचीही वेगळी दक्षिणा! मान खाली, प्रत्येक जण आपलंच सोवळं चुकलं अशा समजुतीत. रघोजी त्यांच्यात होता.

‘‘राव, सांगा सगळ्यांना,’’ मणी स्वामी मामंजींना म्हणाले. ‘‘किती फुलं खरी आली?’’

‘‘पाच,’’ मामंजी म्हणाले. टाळ्या. त्यांचा हात खिशातल्या चेककडे गेला.

हरिणीला कडेवर घेऊन मी उभी राहिले. ‘‘स्वामी, एक विचारू? बुधवारी तुळस कुणाला आली?’’

‘‘विनुता, बस खाली,’’ मामंजी दबक्या आवाजात म्हणाले.

‘‘अम्मा, नाडी फोडू नये. पाप लागतं,’’ स्वामी हसले. ‘‘बाळ दमलंय, पानं मांडलीत, आधी जेवून घ्या!’’

दोघं-तिघं पानांकडे निघाले. मला वाटलं, संपलं. मग मागून रघोजी उठला. ‘‘मला आली.’’ त्याचा आवाज फाटला होता. त्याच्या शेजारच्यानं हात वर केला. मग त्याच्या मागच्यानं. बघता बघता मागे पंचवीस-तीस हात.

‘‘आणि सोमवारीच चुकलेले?’’ मी विचारलं. त्याहून जास्त हात.

‘‘प्रत्येकाची नाडी वेगळी!’’ स्वामी ओरडले.

‘‘माणसाची असेल. शेअर तर एकच होता! तो एकाच दिवशी वर आणि खाली कसा जाईल?’’

मग मी चिठ्ठीवरचा हिशोब वाचून दाखवला. समजा, सहाशेचाळीस फोन आहेत. सोमवारी अर्ध्यांना जास्वंद पाठवा, अर्ध्यांना तुळस. काहीही झालं तरी तीनशेवीस जण खूश. चुकलेल्यांना सोडून द्या. मंगळवारी उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग. एकशेसाठ. मग ऐंशी, चाळीस, आणि शुक्रवारी वीस. त्या वीस जणांना पाचही फुलं खरी आलेली असणारच. स्वामींना बाजारातलं काही कळायची गरज नाही. फोन भरपूर हवेत आणि तोंडं बंद हवीत. आणि हाच शेअर का? चांगल्या कंपनीचा भाव दिवसात टक्का-दोन टक्के हलतो, त्यात कसला चमत्कार! कोसळलेला शेअर रोज दहा-बारा टक्के उसळतो नाहीतर आपटतो. ज्याचं फूल जुळेल त्याला देव दिसणारच.

मामंजी खुर्चीतून वळले. रघोजीकडे पाहत राहिले. ‘‘तुला तुळस आली, आणि तू मला बोलला नाहीस?’’

‘‘तुम्ही तरी जास्वंद कुठे सांगितलीत, मामा?’’

मामंजींनी खिशातून चेक काढला, चार तुकडे केले आणि माझ्या हातात दिले. स्वामी तोवर मागच्या दारानं गाडीत बसले होते. पोलिसांत तक्रार दिली आहे. रघोजीचे पैसे मिळतील असं मला वाटत नाही. आणि हेही सांगते, त्या गोंधळातसुद्धा तीन जण स्वामींच्या माणसाकडे चेक देऊनच गेले.

कुणी जिंकलेल्यांची रांग दाखवली, की हरलेले कुठे बसवलेत ते विचारा. चमत्कार खरा की खोटा, हे तिथे कळतं.

त्या रविवारी मंडपात मागच्या ओळीत तपकिरी साडीतली एक बाई होती. तिनं हात अर्धा वर केला आणि लगेच पदराखाली घेतला. मी गर्दीतून तिच्यापर्यंत पोचले तोवर ती निघून गेली होती. तिचं नाव, गाव, काहीच माहीत नाही. किती पैसे गेले, घरी कुणाला सांगितलं का, रात्री झोप लागते का, मी काही विचारू शकले नाही. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, जे हल्ली कमी बोलतं, पैशाचा विषय निघाला की उठून जातं, तर हे वाचून झाल्यावर त्यांच्याकडे जा. हिशोब विचारू नका. जेवलात का, एवढंच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथेच बसा.