मधला ताव

पडद्यावर रातवा पाण्याच्या टाकीवरून खाली पडला आणि कंपनीच्या वकिलाने चित्रपट तिथेच थांबवला.

"इथे बघा," तो म्हणाला. "आधी टाकीवरची मारामारी. मग घरी येऊन बहिणीसमोर मुखवटा काढणं. आता यांची मूळ चित्रं बघा. आधी मुखवटा, मग टाकी. गोष्टीचा कणाच वेगळा. आमच्या लेखकाने नक्कल केली असती, तर हा क्रम त्याने कुठून आणला?"

खोली लहान होती. एका भिंतीला पडदा, मधे लांब टेबल, टेबलावर ताईने काढलेली बत्तीस पानं ओळीने मांडलेली. टेबलाच्या डोक्याशी निवाडा करायला नेमलेले निवृत्त न्यायाधीश बसले होते. आमच्या बाजूला वकीलबाई, ताई आणि मी. मी कशाला, तर चित्रांचा गठ्ठा उचलायला. निदान ताईची तशी समजूत होती. माझ्या मांडीवरच्या पिशवीत काय आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

रातवा ताईचा. तिचा आणि बोरूचा. बोरू म्हणजे गोष्ट लिहिणारा. अंगाने इतका काटकुळा की दुसरं नाव त्याला शोभलंच नसतं. दिवसभर घरोघरी विजेचे मीटर वाचणारा आणि वेळ आली की मुखवटा चढवून छपरांवरून उड्या मारणारा माणूस, ही कल्पना त्याची. त्या माणसाला खांदे, जबडा आणि डावा हातमोजा दिला ताईने, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. दोघांचं लग्न ठरल्यात जमा होतं. या चित्रकथेचा एकच अंक निघाला, एकतीस वर्षांपूर्वी. तोच पहिला आणि तोच शेवटचा.

आता त्याच्यावर चित्रपट आला होता. माणसाचं नाव बदललं होतं, मीटर तेच होते. लोक थिएटरात टाळ्या वाजवत होते आणि ताईचं नाव कुठेही नव्हतं. तिला एवढंच हवं होतं. सुरुवातीला पडद्यावर तिचं नाव. आणि आजचा दिवस शेवटचा होता. आज सिद्ध झालं तर झालं.

वकीलबाई ताईच्या कानाशी वाकल्या. "छापील अंकात क्रम कुठला होता?"

ताईने जबडा आवळला. साठ वर्षांची बाई झाली तरी जबडा तोच.

"ताई, विचारतायत त्या," मी म्हणालो.

"छापील अंक माझा नाही," ती हळूच म्हणाली. "छापताना बोरूने पानं फिरवली. मुखवटा नंतर निघाला पाहिजे, म्हणून महिनाभर भांडत होता माझ्याशी. मी नाही म्हटलं, तर माझ्या पाठीमागे जाऊन फिरवली. तो अंक दाखवला तर क्रम त्याचा ठरेल. नको मला."

हे मी एकतीस वर्षं ऐकत आलो होतो. अंक हातात पडला त्या दिवशी तिने तो बोरूच्या अंगावर भिरकावला. तो शपथा घेत होता, ती ऐकत नव्हती. ताईचं सगळं एक घाव दोन तुकडे. ठरलेलं लग्न मोडलं, रातवा मोडला. नंतर तिने शाळांच्या पुस्तकांत बेडकाची आतडी काढण्यात जन्म घालवला.

आणि मी दारात उभा राहून सगळं बघितलं होतं.

"तर मग," कंपनीचा वकील कागद आवरू लागला, "माझ्या मते तुलना इथेच संपते."

वाटलं, उठून बाहेर जावं. कोणी विचारलं नव्हतं. झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. ताई हरली असती, पण माझी अब्रू राहिली असती. हा विचार मी केला, पुरता केला, आणि मला माझीच शिसारी आली. मी पिशवीत हात घातला.

"छापील अंक आहे माझ्याकडे," मी म्हणालो.

ताईने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी खिशातून साप काढला.

अंक न्यायाधीशांच्या हातात गेला. कागद पिवळा पडला होता, टाचण्या गंजल्या होत्या. त्यांनी मधलं पान उघडलं. आधी टाकी, मग मुखवटा. चित्रपटासारखंच.

कंपनीचा वकील हसला. "साहेब, टाचण्या सोडवायच्या, मधला ताव उलटा घालायचा, परत टाचायचं. पाच मिनिटांचं काम आहे. पानांवर आकडेही नाहीत."

आकडे नव्हते, कारण ताईला ते चित्रावर बसलेल्या माशीसारखे वाटत.

"उलटा घालून चालत नाही," मी म्हणालो. "ताव उलटा मोडावा लागतो. आतली बाजू बाहेर. आणि एकदा मोडलेला कागद उलटा मोडला, तर घडीवरची शाई दोन्ही बाजूंनी तडकते. भिंग लावून बघा. ही एकाच बाजूने तडकलीय. हा ताव एकदाच मोडलाय, आणि असाच मोडलाय."

न्यायाधीशांनी खरोखर भिंग मागवलं. ते येईपर्यंत मी टेबलाची कड धरून बसलो होतो. त्यांनी घडी उजेडात धरली, बराच वेळ.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण ही एक प्रत झाली. एखादी प्रत चुकून अशी निघाली असेल. सगळ्या प्रती अशाच होत्या, आणि चित्रपटाच्या लेखकाच्या हातात अशीच पडली असणार, हे कशावरून?"

बोलण्याआधी मी ताईकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर जमलं नसतं.

"कारण नमुना मी मोडला होता," मी म्हणालो. "मी त्या बाइंडिंगखान्यात कामाला होतो. पहिला अंक मोडून टेबलावर ठेवायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे बघून मोडायचं, अशी रीत असते. मधला ताव माझ्या हातून उलटा मोडला गेला. चार पानं, पुढची मागे आणि मागची पुढे. तीन हजार प्रती तशाच निघाल्या. कोणीही मुद्दाम काही फिरवलं नव्हतं."

माझ्या शेजारची खुर्ची थोडी बाजूला सरकली.

"आणि हातमोजा बघा," मी घाईघाईने म्हणालो, कारण थांबलो असतो तर रडलो असतो. "टाकीवर त्याचा डावा हातमोजा फाटतो. ताईने बरोबरच काढलंय, मुखवटा काढताना तो धड आहे, कारण ते आधी घडतं. माझ्या चुकीमुळे अंकात हातमोजा आधी फाटतो आणि पुढच्या पानावर आपोआप शिवला जातो. आता तुमचा चित्रपट लावा."

वकिलाची लावायची इच्छा दिसली नाही. न्यायाधीशांनी लावायला सांगितलं. रातवा टाकीवरून पडला, डाव्या हाताची फाटक्या हातमोज्यातली बोटं मोठ्या पडद्यावर स्वच्छ दिसली. मग घर, बहीण, आणि मुखवट्याकडे जाणारा तोच डावा हात. हातमोजा कोरा करकरीत.

"चित्रीकरणातली चूक आहे," वकील म्हणाला. "होतं असं."

"होतं," वकीलबाई म्हणाल्या. "पण यांच्या हातून एकतीस वर्षांपूर्वी झालेली चूक तुमच्या हातून नेमकी त्याच जागी कशी झाली? हा क्रम तुमच्या लेखकाला सुचला म्हणता, मग हातमोजा शिवला कोणी?"

वकिलाने तासाभराची सुट्टी मागितली आणि फोन घेऊन बाहेर गेला. त्याच्या चालण्यावरूनच कळलं. वकीलबाई तडजोडीचा मसुदा लिहायला बसल्या. मी आणि ताई व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसलो. मधे एका माणसाची जागा सोडून.

ती म्हणाली, "मी त्याच्या अंगावर अंक फेकला, तेव्हा तू दारात होतास."

"हो."

"तेव्हा तुला माहीत होतं?"

"तेव्हाच कळलं. तुझं ओरडणं ऐकून. मग खाली पडलेला अंक मी उचलून बघितला."

"हाच?"

"हाच."

ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आणि त्याला?" तिने विचारलं. "त्याला काय वाटलं, कोणी केलं?"

इथे मी खोटं बोलू शकलो असतो. एक खोटं एकतीस वर्षं सांभाळलं होतं, आणखी एक काही जड नव्हतं. पण आता अंगात तेवढी ताकदच उरली नव्हती.

"दुसऱ्या दिवशी तो बाइंडिंगखान्यात आला होता. नमुना टेबलावरच होता. त्याने बघितला, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, आता सांगितलंस तर तुझं काम जाईल, आणि तुझ्या पगारावर तुमचं घर चाललंय. ती शांत झाली की मीच समजावतो."

"मी शांत झालेच नाही," ताई म्हणाली.

"नाही."

"म्हणजे त्याला माहीत होतं. आणि मी त्याला खोटारडा म्हणत होते, तेव्हा तो ऐकून घेत होता."

मी मान हलवली. ताईच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी आयुष्यात दोनदा पाहिलं आहे. आई गेली तेव्हा, आणि त्या बाकावर.

वकीलबाई दारात आल्या. कंपनी तयार होती. नाव कसं लिहायचं, तेवढं विचारायला त्या आल्या होत्या.

ताई उठली, पदराने तोंड पुसलं. "दोन नावं," ती म्हणाली. "गोष्ट त्याची, चित्रं माझी. त्याचं नाव आधी लिहा."

तिने सही केली, चित्रं गोळा केली, एकेक पान बघून क्रमाने लावली. मी गठ्ठा उचलायला हात पुढे केला, तर तिने तो स्वतःच छातीशी धरला.

"त्याचा पत्ता सांग," ती म्हणाली.

"मला कुठून..."

"अंक जपून ठेवणारा माणूस पत्ता टाकून देत नाही."

मी पत्ता सांगितला. मला पाठ होता. तीनदा त्या दारापर्यंत जाऊन मी परत आलो होतो. तिने तो मसुद्याच्या मागे लिहून घेतला आणि जिन्याकडे निघाली. मीही पिशवी घेऊन उठलो.

"तू येऊ नकोस," ताई म्हणाली.

मग ती एकेक पायरी बघत, गठ्ठा सांभाळत खाली गेली.