सतरा नंबरची हजेरी

मी सतरा नंबर बोलतोय. जातीने वॉकीटॉकी. माझ्या कुशीला एक बटण आहे. ते कुणीतरी दाबल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. ऐकायला मात्र मला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून जन्मभर मी ऐकतच आलो. त्यातलं जे कुठल्याच कागदावर आलं नाही, ते आज सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने स्पीकर बसवला, दुसरीने बॅटरीचं झाकण लावलं. शेवटच्या बाईने मला तोंडाशी धरून विचारलं, “ऐकू येतंय?” दिवसाकाठी हजार सेटना ती हेच विचारत असेल. पण माझ्या वाट्याला आलेला तो पहिला प्रश्न होता. पुढे आयुष्यात दुसरा फारसा कुणी विचारला नाही.

खोक्यातून निघालो तो थेट परमुलखात. गरीब देश होता. आपल्याकडच्या एका कंपनीने तिथे पाणी शुद्ध करायचं केंद्र उभारायचं काम घेतलं होतं. आपली तीसेक माणसं शहरभर विखरून भाड्याच्या घरांत राहत. परक्या माणसाकडे पैसा असतो हे चोरांना ठाऊक असतं, म्हणून कंपनीने प्रत्येकाला एकेक सेट दिला. माझ्या पाठीवर केशरी रंगात सतरा आकडा घातला.

पहिला मालक सर्वेक्षणवाला होता. तो मला टेबलावरचे नकाशे उडू नयेत म्हणून वापरायचा. आठ महिन्यांत कंटाळून घरी गेला. मग मी भाऊंकडे आलो.

भाऊ पंप बसवणारे इंजिनियर. पन्नाशीचे, अंगाने बारीक, आणि दम्याचे. खिशात कायम तोंडात फवारा मारायचा पंप. स्वतःच म्हणायचे, “पंपवाला पंपावरच जगतो.” हसणारं घरात कुणी नसल्यामुळे ते एकटेच हसायचे आणि मग खोकायचे.

त्या घराचं काय सांगू! भिंत दोन पुरुष उंच, वर काचांचे तुकडे रोवलेले. प्रत्येक खिडकीला गज. बाथरूमला लाकडी दार काढून पोलादी दार बसवलेलं. चोर आले तर आत शिरून कडी लावायची, म्हणून तिला ‘सुरक्षित खोली’ म्हणायचं. या दाराला बाहेरूनही किल्ली लागायची. ती कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. भाऊ संध्याकाळी गजांपाशी खुर्ची ओढून बसायचे आणि रस्त्यावरून आरामात गप्पा मारत जाणाऱ्या अनवाणी माणसांकडे बघत राहायचे. कैदी कोण होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

हे सगळं मेजरांनी ठरवलेलं. मेजर म्हणजे कंपनीचे सुरक्षा अधिकारी. लष्करातून निवृत्त, मिशीला पीळ. नव्या माणसाला ते बावीस पानांची पुस्तिका द्यायचे. रोज वेगळ्या रस्त्याने कामावर जा, अनोळखी माणसाशी बोलू नका, अंगठी घालू नका. फाटकावरच्या वॉचमनबद्दल बावीस पानांत एकच वाक्य होतं: त्याला आपल्या येण्याजाण्याच्या वेळा कळू देऊ नयेत. अहो, फाटक उघडतो कोण? आणि आणखी एक नियम, सेट स्थानिक माणसाच्या हाती देऊ नये. म्हणजे चोर आले तर सगळ्यांत आधी ज्याच्या डोक्यात बसणार, त्याच्याकडे एक काठी आणि एक शिट्टी.

भाऊंचा वॉचमन साठीचा होता. भाऊ त्याला ‘काका’ म्हणत. काकांना आपली भाषा येत नव्हती, भाऊंना त्यांची. दोन वर्षांत मात्र फाटकापाशी बसून दोघांनी एकमेकांना थोडीथोडी शिकवली. काका ‘भाऊ’ म्हणायला शिकले, ‘ठीक’ शिकले, ‘नाही’ शिकले. आकडे शिकवायला भाऊंनी मलाच पाटी केलं. माझ्या पाठीवर बोट ठेवून म्हणाले, “सतरा.” काका म्हणाले, “सतरा.” मग बटण न दाबता कसं ऐकायचं, दाबून कसं बोलायचं, तेही त्यांनी हसतहसत दाखवलं. पुस्तिकेतला नियम मोडला. पण त्या घरात हसण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो तेव्हाच.

आता हजेरीचं ऐका, कारण सगळं त्यात आहे.

रोज संध्याकाळी सात वाजता कंट्रोलवरची बाई एकेक नंबर पुकारायची. “सोळा?” “सोळा, ठीक.” “सतरा?” “सतरा, ठीक.” तीनदा पुकारून उत्तर आलं नाही तर गाडी निघायची आणि पाव तासात दाराशी यायची. नियम चांगला होता. मेजरांच्या डोक्यातून निघालेली ती एकमेव शहाणी गोष्ट.

पण भाऊंची लेक बारावीला होती, आणि घरच्या घड्याळाप्रमाणे ती अभ्यासावरून उठायची तेव्हा इकडे सात वाजायचे. उशीर केला तर ती झोपून जायची. फोनवर असताना हजेरी चुकली, दोनदा गाडी फुकट आली, भाऊंना समज देणारं पत्र मिळालं.

तेव्हा अण्णा मदतीला धावले. अण्णा स्टोअर सांभाळायचे. दोन गल्ल्या सोडून राहायचे. नंबर अठरा. म्हणाले, “भाऊ, तू पोरीशी बोल. तुझी हजेरी मी लावतो. कॉलेजात दोन वर्षं चौघांची लावली, मास्तरला पत्ता लागला नाही. इथे तर तोंडही दिसत नाही.”

चॅनल सगळ्यांचा एकच. कुणीही बटण दाबून कुणाच्याही नावाने बोलावं. अण्णा जरा नाकातून म्हणायचे, “सतरा, ठीक,” आणि लगेच स्वतःच्या आवाजात, “अठरा, ठीक.” बघताबघता ही सोय इतरांनाही आवडली. बावीसची हजेरी एकवीस लावू लागला, नऊची दहा. संध्याकाळी सात वाजता मी निम्म्या माणसांच्या खोट्या खुशाल्या ऐकायचो. एकाचाही हेतू वाईट नव्हता. जो तो दुसऱ्याचं भलंच करत होता.

तो दिवस उजेडातला होता. साडेपाच वाजले होते. भाऊ नुकतेच कामावरून आले होते. फाटकाशी तिघे आले, अंगात कंपनीसारखीच निळी जाकिटं. जनरेटर दुरुस्तीला आलोय म्हणाले. काकांनी फाटकातूनच थांबा म्हटलं, साहेबांना विचारतो म्हटलं. विचारायला वळले तेवढ्यात एक फाटकावरून चढून आत उतरला आणि त्याने काकांच्या डोक्यात लोखंडी पाना घातला. हे मी नंतर ऐकलं. तेव्हा मला फक्त लोखंडावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला होता.

मग ते घरात आले. भाऊंचे हात इस्त्रीच्या वायरने बांधले, उजवा खांदा पिरगाळला, सुरक्षित खोलीत ढकलून बाहेरून किल्ली फिरवली आणि किल्ली खिशात घातली. फोन, घड्याळ, बॅग उचलली. एकाने मलाही उचललं, उलटंसुलटं पाहिलं आणि घाबरून पलंगाखाली भिरकावलं. बाहेरच्या खुंटीवर भाऊंचा कामाचा सदरा लटकत होता. त्याच्या खिशात दम्याचा पंप होता.

ते गेल्यावर घर शांत झालं. पोलादी दारामागून शिट्टीसारखा श्वास ऐकू येऊ लागला. भाऊ ओरडले नाहीत. दमेकऱ्याला श्वास जपून वापरावा लागतो. फक्त एकदा स्वतःशीच म्हणाले, “सात वाजू दे.” मला कळलं. सातला पुकारा होईल, उत्तर जाणार नाही, गाडी येईल. दीड तास काढायचा होता, एवढंच. मीही पलंगाखाली धुळीत पडून सात वाजायची वाट पाहत होतो. माणसासाठी वाट पाहणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

सात वाजले. चौदा ठीक, पंधरा ठीक, सोळा ठीक.

“सतरा?”

आतून भाऊंनी टाचेने बादली वाजवली. मी गप्प. माझं बटण दाबायला कुणी नव्हतं, आणि त्या क्षणी मला मुकेपणाचा पहिल्यांदाच अभिमान वाटला.

“सतरा?”

आणि अण्णांचा तो नाकातला आवाज माझ्याच तोंडून घरभर घुमला. “सतरा, ठीक.”

बादली वाजायची थांबली.

अण्णांची ही रोजची सोय त्या दीड तासात ना भाऊंना आठवली होती, ना मला. आत एक माणूस श्वासाला महाग झालेला, आणि त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं की तो ठीक आहे. पुकारा पुढे गेला. एकोणीस ठीक, वीस ठीक. सगळं शहर ठीक होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग फरशीवर काहीतरी घासत येण्याचा आवाज आला. काका होते. कपाळ फुटलेलं, एक डोळा रक्ताने मिटलेला. दाराला धडका देऊन पाहिल्या. पोलादाला म्हाताऱ्या खांद्याचं काय? ते परत वळले आणि माझी खरखर ऐकून त्यांनी पलंगाखाली हात घातला. बटण दाबलं.

“भाऊ,” ते म्हणाले. “भाऊ, भाऊ.”

“कोण बोलतंय? नंबर सांगा.”

त्यांनी आपल्या भाषेत भडाभडा सांगितलं. पलीकडच्या बाईचाही नाइलाज होता, तिच्या यादीत तो आवाज नव्हता. “हा चॅनल कर्मचाऱ्यांसाठी आहे,” ती म्हणाली. “सेट खाली ठेवा.”

काकांनी मला उलटं केलं. पाठीवरच्या केशरी आकड्यावर बोट ठेवलं, जसं भाऊंनी ठेवलं होतं. मग शिकवलेले तीन शब्द सावकाश जुळवले.

“सतरा. ठीक. नाही.”

गाडी आली. दार कापून भाऊंना बाहेर काढलं तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. आणखी थोडा उशीर झाला असता तर खेळ आटोपला असता, असं डॉक्टर म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, काकांचा सत्कार झाला असेल. सत्काराऐवजी त्यांना अटक झाली. मेजरांनी मिशीवर हात फिरवत तर्क लढवला: वॉचमनला सेट चालवता येतो म्हणजे तो आधीपासून तयारीत होता. मग फुटकं कपाळ? संशय येऊ नये म्हणून फोडून घेतलं. खऱ्या चोरांना धरायचं तर पायपीट करावी लागते. तपास म्हणजे हाताशी सापडेल त्याची मान. जगातल्या कुठल्याही ठाण्यात जाऊन बघा.

एका वाक्यात हे थांबलं असतं. “सेट मीच शिकवला, आणि सातची हजेरी माझी नव्हती,” एवढंच भाऊंनी सांगायचं होतं. पण दवाखान्यात अण्णा येऊन पलंगाशी बसले. रडले. म्हणाले, “हजेरीचं तेवढं बोलू नकोस रे. मला घरी पाठवतील. दोन्ही पोरं अजून शिकतायत.” पाठोपाठ मेजर टाइप केलेला कागद घेऊन आले. वॉचमनने विनापरवानगी सेट हाताळला, असं त्यात होतं. भाऊंनी डाव्या हाताने सही केली. मी उशाशी होतो. अण्णांसाठी गप्प बसताना आपण काकांविरुद्ध बोललो, हे त्यांच्या लक्षात आलं ते मेजर दाराबाहेर गेल्यावर. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांनी पोरीलाही फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी रात्रीच्या विमानाने त्यांना घरी पाठवणार होते. संध्याकाळी मला जमा करायला माणूस येणार होता. त्याआधी सात वाजले.

“सतरा?” बाईने सवयीने पुकारलं.

भाऊंनी मला उचललं. बटण घट्ट दाबलं.

“सतरा ठीक आहे,” ते म्हणाले. “वॉचमनमुळे ठीक आहे. सेट मी शिकवला त्याला. त्या दिवशीची हजेरी माझी नव्हती, मी कोंडलेलो होतो. काल सही केलेला कागद खोटा आहे. सगळ्यांनी ऐकलंय ना? कुणीतरी हो म्हणा.”

तीस सेट शहरात चालू होते. कुणी हो म्हटलं नाही.

“सतरा, नोंद घेतली,” बाई हळूच म्हणाली. “अठरा?”

अण्णा बोलले नाहीत.

“अठरा?”

नाहीच. तिसरा पुकारा झाला. नियमाने आता गाडी निघायची. भाऊ डोळे मिटून ऐकत होते. तेवढ्यात कुणाचातरी मदतीला धावणारा, भला आवाज आला.

“अठरा, ठीक.”

भाऊ विमानाने घरी गेले. नोंद तोंडीच राहिली. कागद सहीचाच चालला. अण्णा अजून स्टोअरमध्येच आहेत. मला मेजरांच्या ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ठेवलंय, पुरावा म्हणून. कशाचा पुरावा, ते कुणी लिहिलेलं नाही.

तेरा दिवसांनी काका सुटले. सिद्ध काहीच झालं नाही. ते आपली काठी आणि चपला मागायला ऑफिसात आले. फाटकावर नवा माणूस लागला होता. टाके घातलेलं कपाळ मी काचेतून पाहिलं. जाताजाता त्यांची नजर माझ्यावर पडली. ते कपाटापाशी आले, काचेवर बोट ठेवलं.

“सतरा?” त्यांनी विचारलं. “सतरा, ठीक?”

तेरा दिवस ज्याच्या सहीवर ते आत बसले, त्याची ते खुशाली विचारत होते. कारकुनाला वाटलं, म्हातारा सेट मागतोय. त्याने हातानेच जा म्हणून खुणावलं.

माझी बॅटरी उतरत आलीय. दिवा हिरव्याचा लाल झाला, आता तोही मिणमिणतो. माझी शेवटची मागणी मोठी नाही. दुसऱ्याच्या नावाने ठीक म्हणायच्या आधी त्याचं दार एकदा वाजवा. आणि तुमच्यापैकी कुणी त्या शहरात गेलंच, तर भाऊंच्या घराजवळ कपाळावर टाक्यांची खूण असलेला म्हातारा शोधा. सांगा त्याला, सतरा ठीक आहे. त्याने विचारलं होतं. मी तिथेच होतो, पण माझं बटण कुणी दाबलं नाही.