ट्यूबच्या मागची ओळ

“पुन्हा तोच कोड,” वस्तादांनी बिघाड दाखवणारा स्कॅनर गाडीच्या सीटवर टाकला. नको असलेला पाहुणा तिसऱ्यांदा दारात उभा राहिल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

सिस्टर गॅरेजच्या दाराशी औषधांची बॅग धरून उभ्या होत्या. “म्हणजे परत ऑक्सिजन सेन्सरच?”

“मंद झालाय म्हणतो. धुरात किती हवा उरलीय ते इंजिनाला सांगायचं, एवढंच त्याचं काम. त्यानं सांगायला उशीर केला की इंजिन पेट्रोल पीत सुटतं आणि…”

“आणि धूर वाढतो. पाठ झालंय मला. सहा महिन्यांत दोन सेन्सर बदलले, वस्ताद. उद्या सकाळी धुराची तिसरी तपासणी. आता नापास झाली तर गाडीचा परवानाच रद्द.”

गाडी एकोणीस वर्षांची होती. हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यापासून सिस्टर तिच्यातूनच घरोघर फिरून अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या. अशी अकरा घरं होती, त्यातल्या निम्म्या घरांकडे बस जात नव्हती. गाडी बंद म्हणजे ती घरं बंद, आणि दुसरी गाडी घेणं सिस्टरांच्या आवाक्यातलं नव्हतं.

“पेट्रोलच भेसळीचं असणार,” वस्ताद म्हणाले. मागच्या खेपेला त्यांनी पेट्रोलबरोबर सेन्सरच्या कंपनीचाही उद्धार केला होता, त्याआधी सिस्टरांच्या गिअर टाकण्याचा. चौतीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाकडे दोष द्यायला जागा कमी पडत नाही.

सिस्टरांनी बॅग खांद्याला लावली. “आमच्याकडे जखम भरेनाशी झाली की आम्ही आधी आपण काय लावतोय ते बघतो. पेशंटचं नंतर.” एवढं बोलून त्या दुपारच्या फेरीला पायीच निघाल्या.

टोमणा असता तर वस्तादांनी तो व्याजासकट परत केला असता. पण बाईंच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते मनात रुतून बसलं.

त्यांनी सेन्सर खोलला. वस्ताद काही म्हणून फेकत नसत, त्यामुळे आधीचे दोन्हीही डब्यात होते. तिन्ही ओळीने मांडले. दोष भेसळीच्या पेट्रोलचा असता तर टोकं काजळीनं काळी झाली असती. इथे तिन्ही टोकांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर होता.

आपण काय लावतोय? वस्ताद आठवू लागले. इंजिनाच्या डोक्यावरचं टॅपेट कव्हर जरा पाझरायचं. तेलाचा थेंब दिसला की त्यांना चैन पडत नसे. म्हणून दर खेपेला, कुणी न सांगता, ते कव्हर उघडून आपल्या लाडक्या पिवळ्या ट्यूबमधला गम सढळ हाताने लावून द्यायचे. त्यांनी चिकटवलेलं कधी गळत नाही, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी ट्यूब नाकाशी नेली. नेहमीचाच आंबट वास आला.

“सूनबाई, ह्याच्या मागचं बारीक वाच बरं.”

सून चहाचा कप ठेवून उजेडाकडे वळली. “‘ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाड्यांना वापरू नये. गम वाळताना निघणाऱ्या वाफेने सेन्सर निकामी होतो.’”

वस्ताद स्टुलावर बसले. ही ट्यूब ते वापरू लागले तेव्हा गाड्यांना सेन्सर नव्हतेच. नंतर गाड्या बदलल्या, पण ट्यूबच्या मागे काय छापलंय ते वाचायची त्यांना कधी गरज वाटली नाही. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुनेला ते बघवेना. “बाबा, नवा सेन्सर घाला, दुसरा गम लावा, आणि पेट्रोलचंच नाव सांगा. त्यांना काय कळणार आहे?”

“नाही कळणार,” वस्ताद म्हणाले. “तेच तर.”

चहा तसाच निवला. दुपारभर त्यांनी जुना गम खरवडला, नवं पॅकिंग आणि चालणारा गम लावून पुरेसा वेळ वाळू दिला, मग नवा सेन्सर बसवला. संध्याकाळी सिस्टर आल्या तेव्हा स्वच्छ फडक्यावर तिन्ही सेन्सर आणि ती ट्यूब मांडलेली होती.

“सिस्टर, तुमची गाडी मीच आजारी पाडली,” वस्ताद म्हणाले, आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं.

सिस्टरांनी एका टोकावर नख घासून पाहिलं.

“तुमच्या सांगण्यावरून मी पेट्रोलपंपावर भांडून आले होते.”

“माहीत आहे.”

“त्या माणसाची माफी तुम्ही मागायची.”

“मागतो.”

“उद्या पास होईल?”

“व्हायला पाहिजे,” वस्ताद म्हणाले. होणारच, असं न म्हणण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

सकाळी तेही सोबत गेले. तपासणीवाल्याने सायलेन्सरमध्ये नळी घातली, मशीनवर आकडे वर चढले, खाली आले आणि खालीच थांबले. पावतीवर ‘पास’ असा शिक्का बसला तेव्हा कुठे वस्तादांचा जीव भांड्यात पडला. सिस्टरांनी पावती जपून बॅगेत ठेवली आणि घड्याळ पाहिलं.

“साडेनऊला पहिलं ड्रेसिंग आहे. चला, तुम्हाला गॅरेजपाशी सोडते.” वस्ताद उतरले तेव्हा त्या खिडकीतून म्हणाल्या, “माझ्या एकटीच्याच गाडीला लावला होता का हो तो गम?”

गाडी वळणाआड जाईपर्यंत वस्ताद तिथेच उभे होते. मग आत येऊन त्यांनी कामांची जुनी वही काढली. सून शेजारी बसली. सेन्सर असूनही तो गम लावलेल्या सतरा गाड्या निघाल्या. त्यातल्या दोन मालकांनी कधीच वस्तादांकडे येणं बंद केलं होतं. त्यांनी पहिला फोन त्यांतल्याच एकाला लावला.

“नमस्कार, वस्ताद बोलतोय. गाडी एकदा आणता का? … नाही नाही, गाडीचं काही चुकलेलं नाही. माझं चुकलंय.”

पलीकडून मालकाने विचारलं, “कधी आणू?”

सुनेने पुढच्या नंबरावर बोट ठेवलं.